एकही जण मागे राहू नये
(आगमनकाळाच्या पहिल्या रविवारचे चिंतन)



आजपासून आगमनकाळ सुरू होत आहे. वेदीजवळच्या चार मेणबत्त्यांपैकी पहिली मेणबत्ती आपण आज पेटवतो आणि उपासनेच्या नव्या वर्षात पाऊल टाकतो. या रविवारचे शुभवर्तमान कोणत्याही वर्षाचे असो, प्रभू त्यातून आपल्याला सावध राहायला आणि तयारीत असायला सांगतो.

नेमक्या याच दिवसांत आपल्या अर्जुनी मोरगाव परिसरात धानाची कापणी आणि मळणी चालू असते. कुठे बांधीत कडपा पसरलेल्या असतात, कुठे भारे वाहून पुंजणे रचलेले असतात, तर कुठे पोती भरून आधारभूत खरेदी केंद्रावर नंबर लागण्याची वाट पाहिली जाते. चार-पाच महिन्यांची मेहनत, सोसायटीचे कर्ज, मुलाची फी, मुलीचे लग्न, हे सारे काही दिवस उघड्या आभाळाखाली पडून असते. म्हणूनच या दिवसांत आभाळ भरून आले की आपल्या पोटात गोळा उठतो. तयारी म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तरीही ही तयारी आपण कोणासाठी करतो, हा प्रश्न आगमनकाळाच्या पहिल्या दिवशी स्वतःला विचारणे आवश्यक आहे.

आपल्याकडचे हिवाळी वादळ

हिवाळी वादळ म्हटले की परदेशातील बर्फाचे चित्र डोळ्यांपुढे येते. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण हिवाळ्यातले वादळ आपल्याला अनोळखी नाही. ते दोन वाटांनी येते.

पहिली वाट बंगालच्या उपसागराची. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तिथे चक्रीवादळे तयार होतात. आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळल्यावर त्यांचा जोर ओसरतो, पण त्यांचे ढग आणि पाऊस पूर्व विदर्भापर्यंत येऊन पोहोचतात. ५ डिसेंबर २०२३ रोजी ‘मिचाँग’ चक्रीवादळ आंध्र प्रदेशात बापटलाजवळ किनाऱ्याला लागले आणि इकडे आपल्या भागात ऐन कापणी-मळणीच्या दिवसांत पाऊस आला. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या ‘मोंथा’ चक्रीवादळानेही पूर्व विदर्भातील धान उत्पादकांवर तीच वेळ आणली.

दुसरी वाट उत्तरेकडची. जानेवारी ते मार्च या काळात उत्तरेकडून येणारी थंड, कोरडी हवा आणि उपसागरावरून येणारी दमट हवा आपल्या भागावर एकत्र आली की विजा, सोसाट्याचा वारा आणि गारा येतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागाला गारपिटीने कसे झोडपले, हे आपण विसरलेलो नाही. लाखोळी, हरभरा, जवस, सारे काही अशा वेळी क्षणात आडवे होते.

पाऊस थांबला म्हणजे संकट संपले असेही नाही. ढग हटले की थंडी उतरते. विदर्भात गोंदियाचा पारा अनेकदा सर्वांत खाली असतो आणि दहा अंशांच्याही खाली जातो. भिजलेल्या कडपांना कोंब फुटतात, दाणा काळा पडतो. सरकारी खरेदीत धानात १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही, त्यामुळे ओला धान परत येतो किंवा मिळेल त्या भावाने विकावा लागतो. आणि ज्याच्या घराचे कवेलू उडाले, त्याला त्या रात्री ओल्या अंथरुणातच थंडी काढावी लागते.

धान्याचे जहाज आणि २७६ माणसे

पवित्र शास्त्रातही एका हिवाळी वादळाची सविस्तर हकिगत आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाचा सत्ताविसावा अध्याय आपण या आठवड्यात घरी बसून जरूर वाचावा.

संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेले जात होते. ज्या जहाजावर त्याला चढवले, ते आलेक्सांद्रियाचे, गहू वाहून नेणारे जहाज होते. म्हणजे तेही एक पीकच होते आणि तेही बाजाराच्या वाटेवर होते. दिवसही असेच होते. यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा उपवास होऊन गेला होता, म्हणजे पावसाळी वादळांचा मोसम जवळ आला होता. क्रेत बेटाजवळच्या बंदरात जहाज थांबले असताना पौलाने इशारा दिला, की आता पुढे गेलो तर माल जाईल आणि जीवही धोक्यात येईल.

पण कैद्याचे कोण ऐकणार? शताधिपतीने पौलापेक्षा कप्तानावर आणि जहाजाच्या मालकावर विश्वास ठेवला. हे बंदर हिवाळा काढायला गैरसोयीचे आहे, जरा पुढे चांगले बंदर आहे, असे बहुतेकांचे मत पडले. तेवढ्यात दक्षिणेचा मंद वारा सुटला आणि आपले काम झाले असे सर्वांना वाटले. आपल्याकडेही वादळाच्या आदल्या दिवशी असेच लख्ख ऊन पडते, आणि आजच्या दिवस कडपा राहू दे, उद्या पाहू, असे आपण म्हणतो.

मग जोराचा वारा सुटला. खलाशांनी जहाज फुटू नये म्हणून त्याला खालून दोर आवळले. माल समुद्रात टाकला. कित्येक दिवस ना सूर्य दिसला, ना तारे. चौदाव्या रात्री जमीन जवळ असल्याची चाहूल लागली, तेव्हा त्यांनी मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि दिवस उजाडण्याची वाट पाहिली.

याच रात्री खरी कसोटी लागली. काही खलाशांनी पुढच्या बाजूने नांगर टाकण्याचा बहाणा करून लहान होडी हळूच पाण्यात सोडली. जहाज चालवण्याची विद्या त्यांच्याकडे होती, होडीही त्यांच्या हाताशी होती, आणि बाकीच्यांना सोडून ते निघून जाणार होते. पौलाने ते ओळखले. हे लोक जहाजावर राहिले नाहीत तर तुम्हीही वाचणार नाही, असे त्याने शताधिपतीला आणि शिपायांना सांगितले. शिपायांनी होडीचे दोर कापले. मग पहाट होता होता पौलाने सर्वांना काहीतरी खाऊन घेण्याचा आग्रह केला. त्याने भाकर घेतली, सर्वांसमोर देवाचे आभार मानले, ती मोडली आणि खाऊ लागला. हे वर्णन वाचताना आपल्याला मिस्साबलिदानाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

इथेच संत लूक एक आकडा देतो. जहाजावर आम्ही एकूण २७६ जण होतो, असे तो नोंदवतो. गव्हाची पोती किती होती हे त्याने कुठेच लिहिलेले नाही. पोती समुद्रात गेली, जहाजही फुटले. पण कोणी पोहत, कोणी फळ्यांना धरून, असे सर्वच्या सर्व किनाऱ्याला लागले. शिपाई कैद्यांना मारून टाकणार होते, तेही शताधिपतीने होऊ दिले नाही.

प्रिय भाविकांनो, वादळाची तयारी किती चांगली झाली, हे मोजण्याचे माप इथे आहे. वाचलेल्या पोत्यांवरून ते ठरत नाही. सकाळी माणसे मोजली तेव्हा सगळी होती का, यावरून ते ठरते.

आपली लहान होडी

आपल्या गावात समुद्र नाही, पण लहान होडी आहे. प्रत्येक वादळापूर्वी ती हळूच पाण्यात सोडली जाते.

हवामान खात्याचा नारिंगी इशारा मोबाईलवर आला की त्या दिवशी सर्वांना एकाच वेळी मजूर हवे असतात. कापलेला धान गोळा करायचा, भारे बांधायचे, पुंजण्यावर ताडपत्री ओढायची. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, पैसे आहेत, ओळख आहे, त्याचे काम आधी होते. दिवसभर दुसऱ्याच्या बांधीत राबणाऱ्या बाईची स्वतःची अर्ध्या एकराची कडप तशीच पडून राहते. अंधार पडल्यावर ती घरी जाते तेव्हा पावसाचे पहिले थेंब सुरू झालेले असतात. तिने आपल्या धानावर ताडपत्री ओढली. तिच्या घरावरचे सरकलेले कवेलू कोणी पाहिले?

हा प्रश्न कोणाला दोष देण्यासाठी नाही. आपल्यापैकी बहुतेक जण लहान शेतकरी आहोत. दोन-तीन एकरांचे पीक गेले तर वर्ष कसे काढायचे, ही चिंता खरी आहे. त्या खलाशांनाही जिवाची भीती खरीच वाटत होती. भीती वाटणे हे पाप नाही. पण बाकीच्यांना न सांगता, रात्रीच्या अंधारात, आपल्यापुरती होडी सोडणे यात आपण एकमेकांना गमावतो. पौलाने खलाशांवर रागावून भाषण केले नाही. सगळ्यांचे वाचणे एकमेकांवर अवलंबून आहे, एवढेच त्याने लक्षात आणून दिले. ज्या हातांनी आपला धान वाचवला, ते हात उद्या आजारी पडले तर पुढच्या हंगामात आपल्या बांधीत कोण उतरणार आहे?

२७ मार्च २०२० रोजी, कोरोनाच्या काळात, पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या, संपूर्ण रिकाम्या संत पेत्राच्या चौकात उभे राहिले होते. वादळात सापडलेल्या शिष्यांच्या होडीचे शुभवर्तमान त्यांनी त्या संध्याकाळी निवडले आणि आपण सर्व जण एकाच होडीत आहोत याची जगाला आठवण करून दिली. त्या काळात आपल्या गावांकडे पायी परतलेल्या मजुरांना आपण पाहिले आहे. तो धडा फक्त महामारीपुरता नव्हता.

दार ठोठावणारी तयारी

इशारा वेळेवर मिळाला आणि प्रत्येकापर्यंत पोहोचला तर किती फरक पडतो, हे आपल्या देशातच दिसले आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशात महाचक्रीवादळ आले आणि सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच ओडिशाच्या किनाऱ्यावर ‘फायलिन’ हे अतिशय तीव्र चक्रीवादळ धडकले. त्याआधीच सुमारे दहा लाख लोकांना सुरक्षित ठिकाणी हलवले होते. त्या वेळी मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. मधल्या चौदा वर्षांत हवामानाचा अंदाज सुधारला होता, किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले होते, आणि गावोगावचे स्वयंसेवक घरोघरी जाऊन लोकांना उठवत होते. म्हातारा माणूस घर सोडायला तयार नसतो, त्याला हाताला धरून न्यावे लागते. हे काम कोणतेही यंत्र करत नाही.

याच्या उलट, पैसा आणि यंत्रे असूनही माणसे एकटी पडली की काय होते, हे फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात दिसले. बर्फाच्या वादळात तेथील लाखो घरांची वीज गेली. सरकारी नोंदीप्रमाणे २४६ माणसे मरण पावली, त्यांतील बहुतेक थंडीने गारठून. काही जणांनी ऊब मिळावी म्हणून बंद घरात कोळसा पेटवला किंवा बंद गॅरेजमध्ये मोटार चालू ठेवली, आणि विषारी धुराने त्यांचा जीव गेला. आपल्याकडेही थंडीत खोलीचे दार-खिडकी लावून शेगडी जवळ घेऊन झोपण्याची सवय आहे. तो वायू डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. म्हणून झोपण्याआधी शेगडी बाहेर ठेवावी, हे प्रत्येक घरात सांगावे.

आपल्या धर्मग्रामासाठी काही सूचना

आपण इथे संख्येने मूठभर आहोत. त्यामुळे सर्वांना ओळखणे आपल्याला सोपे आहे. या आगमनकाळात आपण पुढील गोष्टी करू या.

१. आपापल्या भागातील चार-पाच कुटुंबांनी एकत्र बसून एक यादी करावी. एकटे राहणारे वृद्ध, आजारी, गरोदर स्त्रिया, दिव्यांग, वीटभट्टीवर किंवा पालात राहणारी कुटुंबे यांची नावे त्यात असावीत. ती ख्रिस्ती आहेत की नाहीत हे पाहू नये. जहाजावरच्या २७६ जणांतही ख्रिस्ती फार थोडे होते. प्रत्येक नावापुढे, इशारा आला की त्यांच्या दारी कोण जाणार, ते लिहावे.

२. इशाऱ्याच्या दिवशी आपल्याकडे काम करणाऱ्यांना विचारावे: तुमच्या घराचे, तुमच्या धानाचे काय? शक्य असेल तर त्यांचे काम आधी उरकावे. नसेल तर उजेड असतानाच, पूर्ण मजुरी देऊन त्यांना घरी सोडावे.

३. ज्याच्याकडे जादा ताडपत्री, दोर किंवा टिनाचे पत्रे आहेत, त्याने ते कळवून ठेवावे. वादळ आल्यावर शोधाशोध करण्यात वेळ जातो.

४. पुंजणे उंच जागी, खाली लाकडे किंवा तणस टाकून रचावे. विजा चमकत असताना शेतात थांबू नये आणि झाडाखाली तर उभेच राहू नये. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेल्या ‘दामिनी’ या अ‍ॅपवर जवळपास वीज पडण्याचा इशारा मिळतो. तरुणांनी ते घरातील मोठ्यांना दाखवावे. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक दाराच्या मागे खडूने लिहून ठेवावा.

५. नुकसान झाले तर लगेच फोटो काढावेत आणि महसूल व कृषी कार्यालयाला कळवून पंचनाम्याची मागणी करावी. पीकविम्याचे नियम महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपापासून बदलले आहेत. त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नये, कार्यालयात जाऊन विचारावे. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांचा अर्ज आपल्या मुलामुलींनी लिहून द्यावा. हीसुद्धा प्रभूची सेवा आहे.

६. वादळाच्या रात्री कोणाला आसऱ्याची गरज पडली तर चर्चचा दरवाजा उघडा असावा. त्यासाठी किल्ली जवळच्या दोन घरी ठेवण्याचा निर्णय आपण येत्या सभेत घेऊ या.

पावसात पेटवलेली शेकोटी

पौलाची हकिगत किनाऱ्यावर संपत नाही. ते सर्व मेलिता म्हणजे आजच्या माल्टा बेटावर पोहोचले होते. पाऊस पडत होता, थंडी होती. तेथील लोक त्यांच्या भाषेचे नव्हते, त्यांच्या धर्माचेही नव्हते. तरी त्यांनी शेकोटी पेटवली आणि सर्वांना जवळ घेतले. पौल काय करत होता? तो काटक्या गोळा करत होता. एवढा मोठा प्रेषित, जहाज फुटून नुकताच पाण्यातून वर आलेला, ओल्या अंगाने इतरांसाठी सरपण आणत होता. पुढे तीन महिने, हिवाळा संपेपर्यंत, ते त्याच बेटावर राहिले.

परक्यांना हिवाळ्यात जवळ करणे आपल्या मातीलाही नवे नाही. आपल्याच तालुक्यात गोठणगाव परिसरात १९७० च्या दशकापासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. बर्फाच्या देशातून घर गमावून आलेल्या त्या कुटुंबांना या धानाच्या मुलखाने जागा दिली. नवेगावबांधचा तलाव आणि या भागातील कितीतरी तलाव ज्या कोहळी पूर्वजांनी बांधले, त्यांनीही पाळी स्वतःपुरत्या घातल्या नाहीत. आज त्या पाण्यावर कोणाचे पीक उभे आहे, हे त्यांनी कधी पाहिले नाही. त्यांनी आपल्याला मोजले होते, असेच म्हणावे लागेल.

थोड्याच दिवसांत आपण घरोघरी नाताळचा गोठा उभारू. त्यात पसरायला तणस आपल्याच बांधीतून येईल. मारिया आणि योसेफ यांना त्या रात्री उताऱ्याच्या जागी आसरा मिळाला नाही, म्हणून देवाचा पुत्र गव्हाणीत निजला. वादळाच्या रात्री आपल्या दारावर थाप पडली, तर ती थाप कोणाची आहे हे आपण ओळखायला हवे. त्यासाठी आगमनकाळाचे चार आठवडे आपल्याला मिळाले आहेत.

आपण प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, वारा आणि लाटा तुझे ऐकतात. आमच्या बांधीतल्या धानाचे, आमच्या कवेलूच्या घरांचे आणि त्यांत राहणाऱ्या सर्वांचे रक्षण कर. इशारा ऐकण्याची नम्रता आम्हाला दे, मग तो कोणाच्याही तोंडून येवो. भीतीच्या वेळी आपल्यापुरती होडी सोडण्याच्या मोहापासून आम्हाला दूर ठेव. ज्यांचे पीक गेले आहे त्यांना धीर दे, आणि त्यांच्या दारी जायला आमचे पाय हलव. वादळानंतरच्या सकाळी आम्ही एकमेकांना मोजू, तेव्हा आमच्यातील एकही जण कमी पडू नये. आमेन.